बत्तीस पानांचे निळे चेहरे

आमच्या रेघोबाला एकच रेघ सलग एकवीस वेळा काढताना मी पाहिलं आहे. रेघ एका बाईच्या कोपराची होती. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर मला सगळे कोपर सारखेच दिसायला लागले. एकविसाव्या वेळी तो मागे टेकून बसला आणि म्हणाला, "पहिलंच बरं होतं, नाही का रे?"

पहिलं त्याने पुसून टाकलं होतं.

रेघोबा हे त्याचं नाव नव्हे, हे सांगायला नको. कॉलेजात वह्यांच्या मागच्या पानांवर, बाकांवर, एकदा तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर त्याने इतक्या रेघा मारल्या, की आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव आता फक्त त्याच्या पगाराच्या कागदावर उरलं आहे. पगार त्याला दातांचा मिळतो. म्हणजे तो एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवतो. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांना तोंड उघडायला सांगतात, आणि मागच्या खोलीत हा तोंड मिटून बसलेला असतो. वीस वर्षांत त्याने शहरातल्या निम्म्या लोकांना चावायला दात दिले, पण रस्त्यात कुणी ओळख देत नाही. खोटा दात कुणी बनवला हे चारचौघांत कोण सांगणार?

म्हणून असेल कदाचित, त्याला कॉमिक काढायचं होतं. स्वतःचं, स्वतः छापलेलं, पहिल्या पानावर नाव असलेलं. गोष्ट मी लिहायची, चित्रं त्याने काढायची, असं ठरलं. गोष्टीतल्या बाईला आम्ही कुलूपमावशी म्हणतो. ती लोकांची अडकलेली कुलपं उघडून देते आणि दारामागे काय काय निघतं त्यात नको तितकी गुंतत जाते. तीन भाग ठरले होते. दोन भाग निघाले, अधूनमधून नगर सभागृहात छोट्या प्रकाशनांचा बाजार भरतो तिथे टेबल टाकून आम्ही विकले, आणि दुसऱ्या भागाच्या वेळी तो प्रसंग घडला.

एक सद्गृहस्थ आले. त्यांनी अंक चाळला, मान डोलावली आणि अतिशय आपुलकीने विचारलं, "चित्रं छान आहेत हो, पण या सगळ्यांना बरं नाहीये का?"

छपाईत चेहरे मातकट झाले होते. दोष कुणाचा म्हणावा तर कुणाचाच नाही. स्क्रीनवर जे गाल होते त्याचा कागदावर चिखल झाला होता. परतताना रेघोबा मला म्हणाला, "तिसऱ्या भागात चेहरे माणसांसारखे आले नाहीत, तर मी पेन खाली ठेवणार."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण हा माणूस एकदा सहज म्हणाला होता, चहातली साखर सोडतो. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तेव्हा तिसऱ्या भागाची गोष्ट मी पंधरा दिवसांत लिहून त्याच्या हातात ठेवली. त्यानंतर चौदा महिने मी वाट बघितली. त्या चौदा महिन्यांचा हा वृत्तांत आहे, आणि मध्येमध्ये माझा आवाज चढला तर समजून घ्या.

आधी त्याने शाईचं काम सुधारायला घेतलं. पेन्सिलच्या चित्रावर काळी रेघ फिरवायची, यात सुधारण्यासारखं काय असतं असं मला वाटे. त्यावर शेकडो व्हिडिओ आहेत. एकजण सांगतो, मनगट हलवू नका, रेघ खांद्यातून काढा. झालं, हा महिनाभर घरात खांदा फिरवत हिंडला. डॉक्टरीणबाईंनी त्याला मलम दिलं. दुसरा सांगतो, रेघ काढताना श्वास रोखा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, सोडा आता श्वास." आतून धापा टाकल्याचा आवाज आला की ती पुन्हा भाजी चिरायला लागायची.

तिसऱ्याने सांगितलं, जवळची रेघ जाड आणि लांबची बारीक. हे मात्र खरंच कामाचं निघालं. मावशीचा हात कुलपापाशी आला की रेघ अशी भरायची, की तो हात पानातून बाहेर येईलसं वाटायचं. मागची इमारत केसासारखी बारीक. मी म्हटलं, "हे झकास झालं. आता असंच पुढे जाऊ दे."

"आता रंग भरून बघतो," तो म्हणाला. तिथे बादली आली.

संगणकावर रंग भरायला एक बादलीचं चित्र असतं. ती बादली एखाद्या आकारावर टेकवली की आकार रंगाने भरतो. फक्त आकार चहूबाजूंनी बंद हवा. आणि रेघोबाची रेघ म्हणजे चालता चालता थांबणारी, कुठे सुटणारी, पुन्हा धरणारी. तिच्यात जीव आहे तो त्या सुटण्यामुळेच. त्याने मावशीच्या स्वेटरवर लाल बादली टेकवली. कोपराशी केसाएवढी फट होती. लाल रंग तिथून निसटला आणि रस्ता, दुकानं, आभाळ, एक कुत्रा, सगळं लालेलाल करून पानाच्या कडेला जाऊन थांबला. रेघोबाने ती फट शोधायला सव्वातास घेतला. गळका नळ शोधणारा माणूस जसा भिंतीला कान लावतो तसा तो स्क्रीनला नाक लावून बसला होता. कोपर बंद केला तर कानामागून गळायला लागलं.

यावर त्याने काय करावं? सगळ्या रेघा बंद केल्या. अकरा पानं. प्रत्येक बोट, प्रत्येक बटण, कुत्र्याची शेपटीसुद्धा. मग मला बोलावून दाखवलं.

मी बघितलं. रंग अगदी कडेला कड लावून भरला होता, आणि माणसं तारा वाकवून केल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, "हे सगळे मेलेत रे."

तो माझ्याशी नऊ दिवस बोलला नाही.

दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भावजी, तुम्ही बोललात ते खरंच होतं, पण बोलायची पद्धत असते की नाही काही? आता या, ह्यांनी काहीतरी शोधलंय. मला दोनदा दाखवून झालंय, आता तुमची पाळी."

त्याने शोधलं होतं ते असं. वरची रेघ तशीच सुटी, मोकळी ठेवायची, आणि तिच्याखाली वेगळ्या थरावर, जणू दुसऱ्या पारदर्शक कागदावर, फटींपुरत्या बारीक रेघा ओढायच्या. बादली त्या रेघांना अडते. रंग भरून झाला की तो थर दिसेनासा करायचा. मावशी पुन्हा जिवंत झाली आणि स्वेटर गळायचा थांबला. मी मनापासून वा म्हटलं. तो लाजला आणि म्हणाला, "म्हणजे आता ही अकरा पानं पहिल्यापासून."

"आणि उरलेली एकवीस?"

"ती तर काढायचीच आहेत अजून."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. वहिनी शाळेत भूगोल शिकवतात. त्यांना धीर धरायची सवय आहे. त्यांच्या विषयात नद्यांना दरी कोरायला हजारो वर्षं लागतात.

असे महिने गेले. बाजाराची तारीख जवळ आली. बत्तीस पानं शाईसकट, रंगांसकट पुरी झाली, आणि एका रविवारी सकाळी त्याने मला स्क्रीनसमोर बसवून एकेक पान दाखवलं. खोटं कशाला बोलू, मी खुर्ची पुढे ओढली. चेहऱ्यांना उजेड होता. मावशीचे गाल खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईचे होते. "छापायला दे," मी म्हटलं, "आणि कशालाही हात लावू नकोस."

छापखाना एक बाई चालवतात. त्या फार बोलत नाहीत. वर्षानुवर्षं यंत्राच्या आवाजात राहून त्यांनी बोलणं आवश्यक तेवढंच ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "आधी दोन पानं काढून बघा." दोन पानं निघाली. बाईंनी ती आमच्यासमोर ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

मावशी निळी होती. मावशीचं गिऱ्हाईक निळं होतं. मागे खिडकीत उभा असलेला, पानात ज्याला काहीही काम नाही असा म्हातारासुद्धा निळसर जांभळा होता. मागच्या भागात माणसं आजारी दिसत होती, या भागात त्यांना बुडून दोन दिवस झाले होते.

"यंत्र बिघडलंय," रेघोबा म्हणाला.

बाईंनी शेजारचा गठ्ठा दाखवला. त्याच यंत्रावर त्याच सकाळी छापलेली बाळांच्या दुधाची जाहिरात. बाळ गुलाबी, टवटवीत.

मी माझ्या फोनवर ती दोन पानं उघडली. फोनवरही निळी. मी त्याला दाखवली. त्याने माझा फोन हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "तुझा फोन जुना आहे."

बाईंनी स्वतःचा नवा फोन काढला. त्यावरही निळीच.

"घरी बरोबर दिसतं," तो म्हणाला. हे वाक्य त्याने त्या दिवशी दहा वेळा तरी म्हटलं. छापखान्यात म्हटलं, रस्त्यात म्हटलं, जिना चढताना म्हटलं. जगातली सगळी यंत्रं एका बाजूला आणि त्याची स्क्रीन एका बाजूला, आणि न्याय करणारा हाच. घरी पोचून त्याने स्क्रीन लावली, आणि खरंच, गाल होते तिथे होते, खाऱ्या वाऱ्यातले. मीही चक्रावलो. छापायला द्यायला पाच दिवस उरले होते.

वहिनींची आई तेव्हा त्यांच्याकडे राहायला आली होती. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि त्या घरातल्या प्रत्येक वस्तूचा नवा रंग मोठ्याने जाहीर करत हिंडत असत. त्या आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी मला सगळं असंच दिसायचं. चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं."

वहिनींच्या हातातलं पातेलं ओट्यावर जरा जोरात टेकलं गेलं.

"अहो," त्या आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन दारातच थांबल्या. "तुमचं डोकं दुखायचं ना, मागे. गेल्या वर्षी."

"त्याचं काय आत्ता?"

"शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. स्क्रीनवर डोळे वाचवायची सोय असते, पिवळा पडदा येतो म्हणाल्या. तुम्ही कामाला गेला होतात तेव्हा मी ती लावून ठेवली."

वहिनी पुढे आल्या, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि आमच्या डोळ्यांदेखत, त्याच्या स्वतःच्या, लाडक्या, जगात एकट्याच बरोबर असलेल्या स्क्रीनवर, कुलूपमावशी निळी पडली.

त्याने पुढचं पान उघडलं. निळं. त्याच्या पुढचं. असं करत तो बत्तिसाव्या पानापर्यंत गेला. एकही पान त्याने वगळलं नाही.

झालं होतं ते सरळ होतं. पिवळ्या पडद्यातून बघत तो रंग निवडत होता. चेहरा पिवळा दिसतोय म्हणून त्यात निळं घालत होता, पुरेसं वाटेपर्यंत घालत होता. पडद्यातून बघणाऱ्याला चेहरे बरोबर, आणि पडदा काय तो एकट्या त्याच्याच घरात.

"आठ महिने," तो म्हणाला.

"डोकेदुखी थांबली होती की नाही?" वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण मुद्दा सोडला नव्हता.

"थांबली होती," तो म्हणाला.

मी म्हटलं, सगळ्या पानांवर एकदम पिवळं चढव, प्रश्न मिटेल. त्याने तेही केलं. चेहरे माणसांत आले, पण मावशीचे पांढरे केस, गोष्टीतल्या डॉक्टरचा कोट, कागदाचा कोरा भाग, सगळं पिवळं धमक झालं. त्याने ते मागे फिरवलं आणि खुर्चीत पसरला. "जाऊ दे," तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं. ठेवतो पेन."

वहिनींच्या आई म्हणाल्या, "म्हणजे काय? माझ्या मुलीने डोकं दुखायचं थांबवलं म्हणून?"

"आई, तसं नाही."

"मग कसं? तुम्ही माझी कवळी केलीत तेव्हा एक दात काळपट आला, तर बाकीचे सगळे उपटून दिलेत का मला? एकच बदललात ना?"

हे ऐकल्यावर तो उठून बसला. मला वाटलं, रागावला. त्याचं तोंड मात्र वेगळंच झालं होतं, स्वतःच्याच मूर्खपणावर थक्क झाल्यासारखं.

कारण वीस वर्षं तो हेच करत आला होता. दाताचा रंग जुळवायला त्याच्याकडे एक पट्टी असते, तिच्यावर सोळा नमुन्यांचे दात. ती माणसाच्या ओठापाशी धरायची, ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. आणि चार-पाच सेकंदच बघायचं, कारण जास्त बघितलं की डोळे थकतात आणि काहीही खरं मानायला लागतात. दवाखान्यात नव्या आलेल्या प्रत्येकाला हा दम देणारा माणूस आठ महिने एका स्क्रीनकडे टक लावून गाल रंगवत बसला होता.

सोमवारी त्याने कामावरून चार दिवसांची रजा घेतली. छापखान्याच्या बाईंकडून एका कागदावर चाळीस चौकोन छापून आणले, त्वचेच्या चाळीस छटा, प्रत्येकीखाली आकडा. ते कापून पट्ट्या केल्या. पहिली पट्टी त्याने तिथेच बाईंच्या गालाला लावायला घेतली होती. "मी छापते," बाई म्हणाल्या, "मला छापू नका."

घरी मात्र कुणी सुटलं नाही. वहिनी एकोणीस निघाल्या. मी तेवीस आणि नाकावर सव्वीस. वहिनींच्या आईंना त्याने खिडकीशी उभं केलं, पाच सेकंद बघितलं आणि सांगितलं, "सतरा."

"दाखवा. सतरा कुठली? ही? मी अशी आहे? नीट बघा. बारा असेन."

"आई, बारा म्हणजे ही भिंत."

"भिंतीला मी आत्ता बघतेय नीट, नव्या डोळ्यांनी. सतरा नाही म्हणजे नाही. पंधरा लिहा."

त्याने पंधरा लिहिलं आणि सतरा वापरलं. गोष्टीतल्या मावशीच्या थोरल्या बहिणीला तीच छटा आहे; त्यांना हे अजून माहीत नाही.

आता आकडे मिळाले होते, स्क्रीन कशी दिसते याच्याशी संबंधच उरला नव्हता. आकडा घालायचा, बादली टेकवायची. पण वीस पानांत चेहरे वेगळ्या थरावर होते, आणि बारा पानांत जागा वाचवायला ह्या गृहस्थांनी सगळे थर एकत्र दाबून ठेवले होते. ते का केलं हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. ती बारा पानं त्याने घेतली, आणि वीस पानांसाठी वहिनी शाळेतून आल्या की शेजारी टेबलावर आपला लॅपटॉप लावून बसू लागल्या. नकाशे भरून भरून त्यांचा हात असा चालत होता, की तो मधूनच आपलं काम थांबवून बघत राही.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "या दोघींचे गाल एकमेकांना चिकटलेत. दोघींना एकच आकडा का दिलात?"

"दोघी बहिणी आहेत."

"असू देत. शेजारशेजारच्या दोन देशांना आम्ही एक रंग देत नाही. सरहद्द दिसत नाही मग."

त्याने एकीला दोन आकडे खाली उतरवलं. दारात मिठी मारून उभ्या असलेल्या त्या दोघी आधी एकच ढीग वाटत होत्या. आता दोन बाया दिसायला लागल्या. "हे मला चौदा महिन्यांत कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही व्हिडिओंना विचारत होतात."

शुक्रवारी दुपारी पानं छापखान्यात गेली. पुढच्या आठवड्यात गठ्ठे आले. त्याने ते फोडले नाहीत. बाजाराच्या दिवशी सकाळी टेबल लावून झाल्यावरही दोरी तशीच होती. शेवटी मी कात्री मागायला गेलो, परत येईतो वहिनींनी दाताने दोरी तोडली होती. त्याच्यासमोर दाताने काही तोडायला घरात बंदी आहे, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने वरचा अंकही उचलला नाही. तो लोकांकडे बघत बसला होता.

पहिल्या आल्या त्या एक वयस्कर बाई, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी अंक घेतला. डोळ्यांजवळ आणला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. रेघोबाने श्वास रोखला होता. त्यात तो तरबेज होता. बाईंच्या कपाळाला आठी पडली. वहिनींनी टेबलाखालून त्याची बाही धरली.

"कसं आहे," बाई म्हणाल्या, "अक्षर फार बारीक आहे हो. वाचवत नाही."

"आणि चेहरे?" त्याने विचारलं.

बाईंनी पुन्हा पान उलटून बघितलं. त्यांना प्रश्न कळला नव्हता. "चेहऱ्यांना काय झालंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "काहीसुद्धा झालेलं नाही." आणि उठून, टेबलाला वळसा घालून, त्याने त्या बाईंना माझ्यापुढे आणून उभं केलं. "अक्षराचं यांना विचारा. यांची वाक्यं लांब असतात, मावत नाहीत. किती वेळा सांगितलं."

एकदाही सांगितलं नव्हतं. सभागृह बंद होईपर्यंत बारीक अक्षराबद्दल मी सात जणांची बोलणी खाल्ली, आणि प्रत्येकाला माझ्यापर्यंत तोच घेऊन येत होता, अगदी हाताला धरून.